साडेचव्वेचाळीस कोयते

"यंदा बी म्या अर्धाच कोयता," मागच्या अंगणात भांडी घासता घासता मावशी सांगत होत्या. "साडेचव्वेचाळीस कोयते गेलते ना वस्तीवरून? त्यातला वरचा अर्धा म्हंजी मी."

"मंग पाणी बी अर्धंच पीत जा की," ताक न्यायला आलेली शेजारीण म्हणाली, आणि दोघी हसल्या.

मी स्वयंपाकघराच्या खिडकीशी चहाचा कप घेऊन उभी होते. मराठी आकडे मला अजूनही मनात इंग्रजी करूनच कळतात. पहिलीपासून बीडला काकूंकडे राहून इंग्रजी शाळेत शिकल्याचा हा परिणाम. कुणी चव्वेचाळीस म्हटलं की मी आधी चार आणि चार मांडते, मग तो आकडा माझा होतो. त्यात पुढे 'साडे' लागलं की आणखी एक पायरी. त्यामुळे त्यांचं हसून झालं, शेजारीण ताक घेऊन गेली, तेव्हा कुठे तो आकडा माझ्यासमोर नीट उभा राहिला. ४४.५.

हा आकडा मी पाहिला होता. नुसता पाहिला नव्हता, दुरुस्तही केला होता.

आमचं गाव केज तालुक्यात आहे, मुख्य रस्ता सोडून आत. गावाचे दोन तुकडे. गावठाणात शेतीवाल्यांची घरं, ग्रामपंचायत, मारुतीचं देऊळ, आणि पप्पांनी सरपंच झाल्यावर टाकून घेतलेली नळाची लाईन. ओढ्यापलीकडे दीड किलोमीटरवर वस्ती. तिथली जवळजवळ सगळी घरं दिवाळीच्या सुमाराला ऊसतोडीला जातात आणि उन्हाळा लागता लागता परत येतात. पाण्याची लाईन ओढ्यापर्यंत आहे, पलीकडे नाही. वस्तीवर एक विहीर आहे आणि एक हातपंप. हातपंपाच्या दांड्याला मी आजवर कपडे वाळत घातलेलेच पाहिलेत.

त्या वर्षी एका संस्थेने तालुक्यातल्या काही गावांना दोन महिने टँकर द्यायचं ठरवलं होतं. टँकर मोजके, अर्ज जास्त. म्हणून त्यांनी एक रेषा आखली. गावात दर माणशी रोज सरासरी किती लिटर पाणी मिळतं ते काढायचं. तीसच्या खाली आलं तर टँकर, वर गेलं तर नाही. संस्थेच्या लोकांनी येऊन दोन्हीकडच्या काही घरांतल्या घागरी मोजल्या, त्या घरांत किती माणसं झोपतात ते विचारून भागाकार केला. गावठाणात माणशी अठ्ठेचाळीस लिटर निघालं. वस्तीवर सोळा.

पुढचं गणित ग्रामसेवकांनी केलं. त्यांना सगळं गाव भाऊसाहेब म्हणतं. आमच्याच बैठकीत, पप्पांसमोर, संस्थेचे सर सोफ्यावर बसलेले असताना केलं. अठ्ठेचाळीस अधिक सोळा, चौसष्ट. भागिले दोन. बत्तीस.

"बत्तीस म्हणजे काठावरच आहे," सर म्हणाले. "दोनचाच प्रश्न आहे. मी वर बोलून बघतो. होईल."

मी चहाचे कप ठेवायला गेले होते. ट्रे हातात होता आणि नजर त्या कागदावर. दोन ओळी होत्या. एकीत गावठाण, संख्या १२०, सरासरी ४८. दुसरीत वस्ती, संख्या ४४.५, सरासरी १६. माझं संख्याशास्त्रात नुकतंच पदवीचं शेवटचं वर्ष झालं होतं, घरी बसून पुढे काय याचा विचार चालला होता. कागद बघताच मला दोन गोष्टी दिसल्या. एक, दोन सरासऱ्यांची अशी सरळ सरासरी काढता येत नाही, कारण दोन्हीकडची माणसं सारखी नाहीत. आणि दुसरी, माणसं साडेचव्वेचाळीस कशी असतील? टाइप करणाऱ्याचं बोट घसरलं असणार.

मी रिकामा ट्रे घेऊन आत आले. बाहेरच्या माणसांसमोर मी बोलत नाही. माझी मराठी पुस्तकी येते, मधेच इंग्रजी शब्द येतो, आणि मग कुणीतरी हसतं. लहानपणी सुट्टीत गावाला आले की चुलत भावंडं मला एकोणसाठ आणि एकोणसत्तर विचारायची आणि मी चुकले की टाळ्या वाजवायची. तेव्हापासून मी बहुतेक प्रश्नांना 'बरं' म्हणते. 'बरं' चुकत नाही.

पण सर गेल्यावर पप्पा अंगणात आले तेव्हा मी त्यांना सांगितलं. पप्पांशी मी बोलू शकते, ते ऐकत असले तर.

"पप्पा, ते गणित तसं नसतं. तिकडे माणसं कमी आहेत, इकडे जास्त. दोन्हींना सारखं वजन कसं द्यायचं?"

"म्हणजे?"

मला सूत्र सांगता आलं असतं. ते त्यांना नको होतं. मी जरा विचार केला.

"समजा एका बूथवर हजार मतदान झालं, त्यात तुम्हाला चाळीस टक्के पडले. दुसऱ्या बूथवर पन्नासच मतं झाली, तिथे तुम्हाला ऐंशी टक्के. मग तुम्ही म्हणाल का, की मला सरासरी साठ टक्के मिळाले?"

पप्पा एकदम हसले. "म्हणलं तर डिपॉझिट जाईल! त्या बारक्या बूथवर ऐंशी टक्के पडून काय करू? मतं चाळीसच." मग माझ्याकडे बघतच राहिले. "अगं, हे तर आमचंच गणित आहे. भाऊसाहेबाला एवढं कळू नये?"

त्यांनी लगेच फोन लावला. "भाऊसाहेब, तुमचं गणित आमच्या बाईनं खोडलंय बघा," असं मोठ्याने, शेजारी ऐकू जाईल इतक्या अभिमानाने. मला तो कागद नव्याने करायला सांगितला. मी लॅपटॉपवर केला. एकशे वीस गुणिले अठ्ठेचाळीस. साडेचव्वेचाळीसमधला तो विचित्र अर्धा काढून टाकला आणि चव्वेचाळीस गुणिले सोळा. दोन्हींची बेरीज, भागिले एकशे चौसष्ट. एकोणचाळीस पूर्णांक चार.

आकडा बत्तीसवरून एकोणचाळीसवर गेला. म्हणजे रेषेच्या आणखी वर. मला तेव्हा थोडं वाईट वाटलं, नाही असं नाही. पण गणित गणित असतं, असं मी मनाशी म्हणाले. पप्पांनी त्या कागदावर सही केली. संस्थेच्या सरांनी फोनवर सांगितलं, "बत्तीस असतं तर मी काही बोललो असतो. एकोणचाळीसला काय बोलणार? पण मॅडमनी बरोबर केलंय हां, आमच्या ऑफिसमध्येही अशी माणसं पाहिजेत." पप्पांनी फोन स्पीकरवर ठेवला होता. ते शब्द मी दोन दिवस मनात घोळवत होते. मला कुणी असं म्हणत नाही.

आणि आता मावशी म्हणत होत्या की तो वरचा अर्धा म्हणजे त्या.

मी कप खाली ठेवला आणि मागच्या दाराने बाहेर गेले. मावशी राखेच्या हाताने पातेलं पालथं घालत होत्या. तोडीवरून येऊन त्यांना आठवडाच झाला होता. आल्या की दुसऱ्या दिवसापासून आमच्याकडे कामाला येतात. उसाच्या पाचटाने कापून कापून हातांवर बारीक रेघा उमटलेल्या असतात, त्या पावसाळ्यापर्यंत जात नाहीत.

"मावशी, एक कोयता म्हणजे किती माणसं?"

त्यांनी मान वर करून पाहिलं. मी चेष्टा करते आहे का, ते बघत होत्या बहुतेक.

"ताई, तुमाला ठावं न्हाई?"

"नाही."

"नवरा-बायकू मिळून येक कोयता. त्यानं तोडायचं, तिनं मोळ्या बांधायच्या, वाहायच्या. आमचे मालक गेल्यापून म्या दिराच्या टोळीत जाते, येकटी. म्हणून अर्धा. येखादी माज्यासारखीच भेटली तर दोघी मिळून येक होतो. यंदा न्हाई भेटली."

"आणि लेकरं?"

आता त्या खरंच हसल्या. "लेकरांचा कुठं कोयता असतोय? अन् म्हाताऱ्यांचा? ती घरीच."

मी आत आले आणि माझ्या खोलीत जाऊन दार लावलं. कोयता हा शब्द मला लहानपणापासून माहीत होता. गावात किती कोयते गेले, किती आले, ही भाषा दिवाळीच्या आसपास सगळीकडे असते. मला वाटायचं एक कोयता म्हणजे कोयता हातात धरलेला एक माणूस. विचारायची वेळ आली नव्हती. किंवा विचारलं असतं तर चुलत भावंडांनी टाळ्या वाजवल्या असत्या.

हळूहळू सगळा उलगडा झाला. भाऊसाहेबांना कोयता म्हणजे काय हे पक्कं माहीत होतं. संख्येच्या रकान्यात काहीतरी लिहायचं म्हणून त्यांनी वस्तीची टोळी तोडीला नेणाऱ्या मुकादमाच्या यादीतला आकडा उतरवला होता. गावठाणाचा आकडा मात्र ग्रामपंचायतीच्या रजिस्टरमधला, त्यात पाळण्यातली बाळंसुद्धा. पण त्यांच्या चुकीच्या गणितात तो रकाना कामालाच येत नव्हता. चौसष्ट भागिले दोन. तिथे संख्या काहीही असली तरी बत्तीसच. तो साडेचव्वेचाळीस तिथे नुसता पडून होता, कुणाचं काही न बिघडवता. त्याला उचलून गुणाकारात घातलं ते मी. माझी पद्धत बरोबर होती म्हणूनच ती चूक जिवंत झाली.

पुढच्या दोन दिवसांत मी लॅपटॉप चार वेळा उघडला. एकोणनव्वद धरले, म्हणजे कोयत्याला दोन माणसं आणि मावशी एक, तर उत्तर चौतीस येत होतं. रेषेच्या वरच. मग मी गप्प बसायला मोकळी होते की नाही? चूक होती, पण निकाल तोच होता. हा विचार मला इतका सोयीचा वाटला की मलाच त्याचा संशय आला. लेकरं आणि म्हातारी अजून त्यात नव्हतीच.

तिसऱ्या दिवशी मावशींचं काम आटोपल्यावर मी स्कूटीची किल्ली घेतली.

"मावशी, मला वस्तीवर यायचंय. तुमच्यासोबत."

"कावून?"

"माणसं मोजायची आहेत."

"ऊन बघितलंस का?" आई आतून म्हणाली. मी ओढणी डोक्याला बांधली. आई आणखी काही म्हणणार होती, पण मावशी तोवर मागे बसल्या होत्या.

ओढा कोरडा होता. वस्तीवर पोचल्यावर मावशींनी मला आधी विहिरीकडे नेलं, मी सांगितलं नव्हतं तरी. कडेला सहा-सात जणी बसून होत्या. खाली, खूप खाली, एक बाई खडकावर बसून जर्मनच्या भगुल्याने झऱ्याचं पाणी कळशीत भरत होती. भगुलं अर्धं भरलं की ओतायची, मग थांबायची. परत पाणी जमेपर्यंत वरच्या बायकांशी गप्पा मारायची. वर कुणाला घाई नव्हती, कारण करून काही होणार नव्हतं. सोळा लिटर माणशी हा आकडा मी दहा वेळा लिहिला होता. तो असा भगुल्याभगुल्याने वर येतो हे मला माहीत नव्हतं.

त्याच सकाळी मी केस धुतले होते. घरात बोअर आहे, आम्ही बादल्या मोजत नाही.

"ही कोण म्हणायची?" एकीने विचारलं.

"आण्णांची पोरगी. बीडाला शिकलेली."

"अय्या, मंग उनात कशाला आणलंस गं तिला? काळी व्हईल की."

सगळ्या हसल्या. मीही हसले, उशिरा. मग मी वही काढली आणि पहिल्या घराच्या दारात खेळणाऱ्या लेकरांकडे बोट करून एक, दोन, तीन असं मोजायला लागले. आतून एक म्हातारी तरातरा बाहेर आली.

"ए बाई, लेकरावर बोट ठिवून मोजू नकु! नजर लागतीया."

माझं बोट तसंच हवेत राहिलं. परत जावं असं वाटलं, खरंच. मावशींनी मधे पडून सांगितलं, "मोजायचं हाय तिला, सरकारी काम न्हाई, पाण्याचं हाय." म्हातारीने माझ्याकडे खालून वर बघितलं.

"मंग ताटल्या मोज."

असं आमचं मोजणं सुरू झालं. घरात जायचं, फळीवरच्या ताटल्या मोजायच्या, वहीत मांडायच्या. तिसऱ्या घरात मी चार लिहिले तर मावशींनी हात धरला.

"हितं ताटल्या चार, माणसं सात. लेकरं दोघं-दोघं येका ताटलीत जेवत्यात. आजीला पितळी हाय, ती बाहीर वाळतीया."

म्हणून प्रत्येक घरात ताटल्या मी मोजायच्या आणि कोण कुणाच्या ताटलीत जेवतं ते मावशींनी सांगायचं, असं ठरलं. त्यांना सगळं माहीत होतं. कुणाची सून बाळंतपणाला माहेरी गेली आहे आणि परत कधी येणार, कुणाचा सासरा ऐकू येत नाही म्हणून आतल्या खोलीत असतो. एका घराला कुलूप होतं, त्याच्या शेजारच्यालाही. मी पुढे निघाले तर मावशी थांबल्या.

"ह्यांचे नऊ लिही."

"पण ते इथे नाहीत."

"मांजरसुंब्याला थांबल्यात. ट्रॅक्टर बिघडलाय, सकाळी फोन आलता. परवा येतील. तवा काय पाणी पिणार न्हाईत?"

मी नऊ लिहिले. लिहिताना वाटलं, मी माणसं मोजते आहे की मला हवा तो आकडा गाठते आहे? स्कूटीवर येतानाच मी मनात हिशेब केला होता की वस्तीवर एकशे पंचावन्न माणसं असली तर उत्तर तीसच्या खाली जातं. तो आकडा डोक्यात घेऊन मोजायला येणंच चूक होतं. मी पेनने त्या नऊंभोवती गोल काढला, म्हणजे नंतर वेगळे करता येतील.

शेवटचं घर मावशींचं. एक खोली, एक ताटली. ती मी मोजली नाही. सरळ एक लिहिलं.

एकशे बाहत्तर. कुलपातले नऊ काढले तर एकशे त्रेसष्ट. मावशींच्या उंबऱ्यावर बसून मी मोबाइलवर गणित केलं. एकशे बाहत्तर धरून एकोणतीस पूर्णांक दोन. नऊ काढूनही एकोणतीस पूर्णांक सहा. दोन्हीकडून तीसच्या खाली. थोडंसंच, पण खाली.

आनंद व्हायला हवा होता. तसं काही झालं नाही. त्या विहिरीतली बाई अजून आतच होती. सरासरी चाळीस आली काय आणि एकोणतीस आली काय, तिच्या भगुल्यात तेवढंच पाणी येत होतं. आमच्या अंगणातले अठ्ठेचाळीस लिटर तिच्यापर्यंत फक्त कागदावर पोचत होते, आणि तिथे पोचून तिचा टँकर अडवत होते.

"मंग ताई, मिळंल का टँकर?" मावशींनी विचारलं. त्यांनी मला कोऱ्या चहासाठी पाणी ठेवलं होतं. नको म्हणायचं मला सुचलं नाही.

"बघू," मी म्हणाले.

पप्पांना मी संध्याकाळी गाठलं. ते ओट्यावर वर्तमानपत्र घेऊन बसले होते. मी वही पुढे केली आणि सगळं सांगितलं. कोयता, रजिस्टर, ताटल्या. त्यांनी शेवटपर्यंत ऐकलं. कोयत्यापाशी त्यांनी कपाळावर हात मारला.

"आयला. मी तो रकाना बघितलाच नाही गं. मी फक्त खालचं उत्तर बघितलं."

"मग उद्या सांगू या ना सरांना. चूक झाली म्हणून."

त्यांनी वर्तमानपत्राची घडी केली, ती परत उघडली.

"हे बघ. आधी बत्तीस होतं. मग आपण एकोणचाळीस केलं, त्यावर माझी सही आहे, मी चार जणांना सांगितलंय की माझ्या पोरीनं गणित सुधारलं. आता एकोणतीस म्हणायचं? ते समोरचे लोक टपलेलेच आहेत. म्हणतील, ह्यांच्या घरात पाहिजे तसा आकडा निघतो. मग ही वही पण खोटी, ती संस्था पण पळून जाईल."

"पण वस्तीवर..."

"वस्तीचं मी बघतो. ओळखीच्या एकाला सांगून आठवड्याला एखादी फेरी टाकायला लावतो. आपली माणसं आहेत ती. तू नको पडू यात."

ते वाईट बोलत नव्हते. ती फेरी त्यांनी खरंच टाकली असती, एक-दोन आठवडे, लग्नसराईत टँकर तिकडे वळेपर्यंत. आणि मावशींनी भांडी घासताना त्यासाठी आमचे आभारही मानले असते. ते आभार मला नको होते. पण हे मी त्यांना कसं सांगणार?

"बरं," मी म्हणाले.

गुरुवारी अकरा वाजता ग्रामपंचायतीत टँकरची यादी वाचायची होती. मी जाणार नव्हते. साडेदहाला पप्पांनी हाक मारली, "चल गं, सरांना तुला भेटायचंय, तुझ्या शिक्षणाचं काहीतरी विचारत होते." मी वही ओढणीखाली धरली आणि गेले. का घेतली, ते मला सांगता येणार नाही.

आत खुर्च्यांवर पुरुष, दाराशी सतरंजीवर बायका. वस्तीवरच्या आठ-दहा जणी आल्या होत्या. मावशी उंबऱ्याला टेकून बसल्या होत्या. मला सरांच्या शेजारी खुर्ची दिली. मी कधी खुर्चीवर बसून त्या सगळ्यांसमोर तोंड करून बसले नव्हते. टेबलावरच्या पाण्याच्या बाटलीकडे बघत राहिले.

सरांनी कागद वाचला. गावठाण, वस्ती, एकत्रित सरासरी एकोणचाळीस पूर्णांक चार. "नियमाप्रमाणे हे तीसच्या बरंच वर जातं. त्यामुळे या वेळी या गावाला टँकर देता येणार नाही. कुणाची हरकत असेल तर आत्ताच सांगा. यादी आजच केजला पाठवायची आहे."

दाराशी कुजबुज झाली. एक बाई म्हणाली, "अवो पण आमच्याकडं पाणी कुठाय?"

"बरोबर आहे ताई, पण सरासरी पूर्ण गावाची असते."

"त्यांना काय विचारता, सर," मागच्या रांगेतून आवाज आला. मागच्या निवडणुकीत पप्पांविरुद्ध उभे राहिलेले गृहस्थ पायावर पाय टाकून बसले होते. "आमच्या भाऊसाहेबाचं साधं गणित होतं, बत्तीसवर थांबत होतं. पण आण्णांच्या म्याडम पडल्या शिकलेल्या. इंग्रजीतलं गणित हाय ते, आमच्यासारख्या अडाण्याला काय कळणार, काय बे?"

शेजारचा हसला. दोन-चार जण हसले. पप्पाही हसले, पण त्यांची मान ताठ झाली होती आणि ते माझ्याकडे बघत नव्हते. भाऊसाहेब टेबलावरचे टाचणीचे डबे सरळ करत होते.

मावशी हसत नव्हत्या. त्या माझ्याकडेही बघत नव्हत्या. स्वतःच्या हातांकडे, त्या रेघांकडे बघत होत्या. त्यांना सगळं माहीत होतं. त्यांनीच तर मला घरोघर फिरवलं होतं. त्या एका शब्दात सांगू शकल्या असत्या की ही पोरगी परवा येऊन आमच्या ताटल्या मोजून गेली. त्यांनी सांगितलं नाही. मला अडचणीत टाकायचं नाही म्हणून गप्प बसल्या होत्या, आणि आपल्या गप्प बसण्याचं मोल काय आहे हे त्यांना माझ्यापेक्षा जास्त कळत होतं. संध्याकाळी त्यांनाच त्या विहिरीवर बसायचं होतं.

"मग हरकत नाही ना?" सरांनी पेनचं टोपण काढलं.

मी मनात आकडा म्हणून पाहिला. बाहत्तर. बासष्ट नाही, बाहत्तर. एकशे बाहत्तर. वस्तीवरून परत येताना स्कूटीवर मी तो हळू आवाजात म्हणत आले होते, पाठांतर करतात तसा. वहीच्या पुठ्ठ्याचा रंग बोटांना लागला होता. पप्पांनी आता माझ्याकडे पाहिलं. त्यांनी मान हलवली नाही, डोळेही मोठे केले नाहीत. नुसतं पाहिलं. मला वाटलं होतं की तेवढ्यानेच मी बसून राहीन, पण मी उठलेली होते. खुर्ची मागे सरकल्याचा आवाज फार मोठा झाला आणि सगळे माझ्याकडे वळले.

"माझी हरकत आहे," मी म्हणाले. "चव्वेचाळीस हे कोयते आहेत. मी त्यांना माणसं समजले, आणि वरचा अर्धा कोयता मीच खोडला. चूक माझी आहे, भाऊसाहेबांची नाही आणि पप्पांची पण नाही. वस्तीवर एकशे बाहत्तर माणसं आहेत. माझ्यावर विश्वास नसेल तर आत्ता चला माझ्यासोबत, परत मोजू."